कवडशाचा कॅमेरा

वाचकहो, आधी एक विचारतो. तुमच्या घरात अजून कवडसा पडतो का? ज्यांनी स्लॅब टाकला त्यांच्याकडे आता पडत नसेल. पण ज्यांचे घर अजून कौलारू आहे, त्यांनी उद्या सकाळी दहाच्या सुमारास चुलीपाशी बसून खाली जमिनीकडे पाहावे. कौल सरकून वर फट पडलेली असते. ती कधी तिकोनी असते, कधी चिरेसारखी वाकडीतिकडी. खाली पडणारा कवडसा मात्र गोल असतो, किंवा उन्हाच्या तिरपेपणामुळे अंड्यासारखा लांबट. असे का? फट तिकोनी आणि उजेड गोल, हे कसे?

माझ्या धाकट्या मुलीने, ती तेव्हा पाचवीत होती, मला हे विचारले आणि मी निरुत्तर झालो. पन्नास वर्षे मी त्या कवडशांखाली जेवलो आहे, आणि हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. उत्तर तिच्या भावाने शाळेतून आणले. कवडसा म्हणजे नुसता उजेडाचा ठिपका नव्हे. ते सूर्याचे चित्र आहे. सूर्य गोल म्हणून कवडसा गोल. फट पुरेशी लहान असली की तिचा आकार कसाही असो, तिच्यातून येते ते सूर्याचेच रूप.

खरे वाटत नसेल तर मोजून पाहा. आम्ही मोजले. कौलातल्या बारीक भोकापासून कवडशापर्यंत सुतळी ताणली, ती भरली सव्वातीन मीटरच्या आसपास. कवडशावर पुठ्ठा उन्हाला अगदी समोर येईल असा धरला, तर गोल भरला जेमतेम 3 सें.मी. म्हणजे सुतळी गोलाच्या 108 पट. सूर्य आपल्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर. त्याला 108 ने भागा, सूर्याचा व्यास पावणेचौदा ते चौदा लाख किलोमीटर येतो, आणि पुस्तकातही तोच आकडा आहे. चुलीपुढे बसून, सुतळीने, सूर्य मोजला! मुलगी त्या दिवशी भाकरी खायची विसरली.

तर ही गोष्ट आहे आमच्या घरातल्या फोटोंच्या नादाची. आम्ही विसरवाडीचे. नवापूर तालुक्यात, सुरतेहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव. पावसाळ्यात भात, त्यासोबत तूर, थोडी ज्वारी, आणि परसात कोंबड्या, असा आमचा प्रपंच. घरात माझी माय, आम्ही दोघे, आणि दोन मुले. धाकटा भाऊ सुरतेला यंत्रमागावर असतो.

त्या भावाने एका दिवाळीला भंगारवाल्याकडून एक खोके आणले. काळे, जड, उघडले की तोंड वर करणारे. पोलरॉइड कॅमेरा. बटण दाबले की तोंडातून कागद बाहेर येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत त्यावर चित्र उमटते, तो. आमच्या पिढीने तो सिनेमात पाहिलेला असेल. मुलांना मात्र त्यात काही नवल वाटेना. त्यांच्या दृष्टीने फोटो लगेच दिसतोच. खरे नवल त्यांना निराळेच वाटले, की हा फोटो हातात धरता येतो आणि पुसून टाकता येत नाही.

या कॅमेऱ्याची जन्मकथा घरच्या घरी घडावी तशी आहे. 1943 साली अमेरिकेत एडविन लँड नावाचा शास्त्रज्ञ सुट्टीवर गेला असता त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारले, आत्ता काढलेला फोटो आत्ता का नाही दिसत? बापाने प्रश्न मनावर घेतला. 21 फेब्रुवारी 1947 रोजी त्याने न्यूयॉर्कला झटपट फोटो काढून दाखवला आणि पुढच्या वर्षी कॅमेरा दुकानात आला. युक्ती अशी, की कागदाच्या कडेला रसायनाची चपटी पुडी असते. कागद बाहेर येताना दोन लाटण्यांमधून दाबला जातो, पुडी फुटते, आणि लगदा सगळीकडे सारखा पसरतो. म्हणजे फोटो धुण्याची अंधारी खोली त्या एका कागदातच भरलेली. पुढे डिजिटल कॅमेरे आले, कंपनी बुडाली, 2008 मध्ये ही फिल्म बंद झाली. पण नेदरलँडमधल्या एन्स्खेडे गावच्या कारखान्यातल्या काही जुन्या माणसांनी यंत्रे भंगारात जाऊ दिली नाहीत. रसायने पुन्हा नव्याने जुळवून 2010 पासून त्यांनी फिल्म करायला सुरुवात केली. म्हणून आमच्या भंगारातल्या खोक्याला आज खाऊ मिळतो. तो महाग मात्र भलताच. एका पाकिटात आठ कागद, आणि एका फोटोला दोनशे रुपयांच्या पुढे पैसे पडतात. भावाने हौसेने एक पाकीट मागवले. हौसेला मोल नसते म्हणतात, पण शेतकऱ्याच्या घरात ते असते आणि ते मोजूनच हौस करावी लागते. दुसरे पाकीट आणायचे नाही, असे सौ.ने तेव्हाच सांगून टाकले.

आठ फोटो! आता कोणाचे काढायचे?

त्या रात्री आमच्या घरात ग्रामसभा भरली म्हणा ना. फोनमध्ये दोन हजार फोटो पडून आहेत, त्यांतला एकही कोणी परत पाहत नाही. आणि या आठांसाठी दोन तास वाद! बैलजोडी हवी, असे मी म्हणालो. थोरल्याला त्याच्या वर्गातला एक मित्र हवा होता. सौ.ला तिच्या आईचा हवा होता, आणि त्यासाठी माहेरी जाणे आले. शेजारचे कुटुंब पुढच्या आठवड्यात ऊसतोडीला गुजरातेत जाणार होते. सहा महिने नवराबायको तिकडे, आणि दोन लेकरे म्हाताऱ्याजवळ इकडे. एक फोटो त्यांना द्यायचा, हे मात्र वादाशिवाय ठरले. नातवंडांसह म्हातारा, असा फोटो ती माणसे सोबत घेऊन गेली. फोन असताना कागदाचा फोटो कशाला, असे तुम्ही म्हणाल. रात्री ऊस तोडून आल्यावर झोपडीत फोनची बॅटरी उतरलेली असते, एवढेच सांगतो. शिमग्याला ती मंडळी परत आली तेव्हा त्या फोटोच्या कडा मऊ पडल्या होत्या.

माझ्या मनात पहिला फोटो मायचा होता. मायने साफ नाही म्हटले.

त्यामागे कारण आहे. आमच्या भिंतीवर बाबांचा फोटो आहे. बाबांनी आयुष्यात एकच फोटो काढला, सोसायटीच्या पासबुकासाठी, टिकलीएवढा. तो काढला आणि वर्षाच्या आत ते गेले. फोटोने माणसाचे आयुष्य आटते, ही जुन्या माणसांची समजूत मायच्या मनात त्या दिवसापासून पक्की झाली. पुढे आम्ही तो टिकलीएवढा फोटो शहरातल्या एका स्टुडिओत मोठा करायला दिला. तुमच्याही घरी असे झाले असेल पाहा. फोटोवाल्याने नुसता चेहरा घेतला आणि खाली आपल्याकडचा कोट-टाय जोडून दिला. बाबांनी जन्मात कोट घातला नाही. बंडी, धोतर, डोक्याला टॉवेल, हा त्यांचा वेश. भिंतीवर मात्र ते तहसीलदारासारखे बसलेले आहेत. माय त्या फोटोला हार घालत नाही. पितृपाटात ती बाबांची काठी कोपऱ्यातून काढते, पुसते आणि तिच्यापुढे घास ठेवते. “तो माणूस मी ओळखत नाही,” म्हणते.

मायला आता ऐंशी जवळ आली. तिच्या मागे भिंतीवर आणखी एक अनोळखी माणूस बसू नये, एवढेच माझ्या मनात होते. आधारकार्डावरचा तिचा फोटो तर असा आहे, की पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते. पण जबरदस्तीने, चोरून तिचा फोटो काढणे मला पटेना. फोनवर तसे काढता आलेच असते. चोरीचा फोटो चोरीसारखाच दिसतो, असे माझे मत आहे.

पाकिटातले सात कागद अशा तऱ्हेने वाटले गेले. आठवा कॅमेऱ्यात राहिला. मुलांची हौस मात्र पुरी झाली नव्हती, आणि तेथून कवडशाचे प्रकरण पुढे सरकले.

थोरल्याच्या शाळेत विज्ञानाच्या सरांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवले होते. पुण्याच्या आयुका संस्थेत अरविंद गुप्तांनी मुलांसाठी अशी शेकडो खेळणी केली, त्यांतलीच काही. काडेपेटी, सायकलची ट्यूब, झाडूची काडी, असल्या साहित्यातून ते विज्ञान शिकवतात. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सुईच्या छिद्राचा कॅमेरा हा त्यांतला फार जुना खेळ. भिंग नाही, काच नाही, बटण नाही. डब्याला एक बारीक छिद्र, बस्स.

आधी नुसते पाहण्याचे खोके करा, त्याला पाच मिनिटे लागतात. बुटांचे खोके घ्या. एका बाजूला सुईने छिद्र पाडा. समोरची बाजू कापून तिथे कागद चिकटवा. साध्या कागदाला खोबरेल तेलाचे बोट फिरवले की तो हवा तसा पारदर्शक होतो. आता डोक्यावर घोंगडी घेऊन छिद्राची बाजू उन्हातल्या झाडाकडे करा. कागदावर झाड दिसेल, रंगांसकट, आणि उलटे. शेंडा खाली, बुंधा वर. कारण प्रकाश सरळ रेषेत चालतो. शेंड्याकडून आलेला किरण छिद्रातून शिरून खाली जातो, बुंध्याकडचा वर जातो. हजार वर्षांपूर्वी कैरोच्या इब्न अल-हैथम या पंडिताने याचा अभ्यास करून प्रकाशावर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या देशात हंपीच्या विरूपाक्ष मंदिरातल्या एका अंधाऱ्या जागी भिंतीतल्या झरोक्यातून गोपुराची उलटी सावली पडते, ती पाहायला लोक आजही रांग लावतात. ती सावली म्हणजे हेच. आमची म्हैस उलटी चालताना पाहून धाकटी इतकी हसली, की घोंगडीसकट लोळली.

हे चित्र कागदावर धरून ठेवायचे तर थोडा खटाटोप आहे. तो सांगतो, कारण अर्धवट सांगितलेली कृती म्हणजे मीठ न सांगितलेली आमटी.

पत्र्याचा, घट्ट झाकणाचा डबा घ्या. आमचा तुपाचा होता, साधारण 10 सें.मी. रुंद. आतून काळा रंग द्या. बाजूला मधोमध खिळ्याने मोठे भोक पाडा. कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पातळ पत्र्याचा तुकडा पुठ्ठ्यावर ठेवून बारीक सुईचे नुसते टोक दाबा. मागे जो फुगवटा येईल तो पॉलिशपेपरने घासा, पुन्हा टोक लावा. छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडे लहान आणि स्वच्छ गोल हवे. मोठे झाले की चित्र धूसर येते. तो तुकडा डब्याच्या भोकावर वायरमनच्या काळ्या टेपने बसवा, आणि वरून टेपचीच एक पट्टी पडद्यासारखी लावा. झाला कॅमेरा. डब्याला कुठे केसाएवढी चीर असली तरी कागद सगळा काळा पडतो, म्हणून डबा उन्हात धरून आतून आधी नीट पाहून घ्यावा.

आत घालायचा तो फोटोचा ब्रोमाइड कागद. एके काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद गावोगावच्या स्टुडिओत असे. तो सरकारी कारखाना आता बंद झाला. बंद पडलेल्या स्टुडिओवाल्याच्या माळ्यावर जुने पाकीट मिळाले तर पाहा, जुना कागदही पुष्कळदा चालतो. नाहीतर मोठ्या शहरातून परदेशी कागद मागवावा लागतो. हा कागद लाल उजेडाला आंधळा असतो. म्हणून रात्री कोठीच्या खोलीत लाल झीरोचा बल्ब लांब टांगून तो डब्यात भरता येतो, चकचकीत बाजू छिद्राकडे करून.

मग डबा दगडावर ठेवायचा, हलता कामा नये. पट्टी उचलायची आणि आकडे मोजायचे. कडक उन्हात चाळीस-पन्नास मोजा. सावलीत चार-पाच मिनिटे. पट्टी लावली की झाले.

कागद धुण्यासाठी बाजारात औषध मिळते, पण आम्ही केले ते घरगुती. लिटरभर पाण्यात धुण्याचा सोडा 50-55 ग्रॅम, सी जीवनसत्त्वाची पूड 16 ग्रॅम आणि साधी झटपट कॉफी 40 ग्रॅम. होय, प्यायची कॉफी! 1995 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या एका अध्यापकाने विद्यार्थ्यांसह ही युक्ती शोधली. कॉफीतल्या काही द्रव्यांमुळे चित्र उमटते. वास मात्र असा सुटतो, की आमचे मांजर दोन दिवस घरात आले नाही. चित्र उमटले की पाण्यात बुचकळून हायपोच्या पाण्यात पाच मिनिटे, म्हणजे ते पक्के होते, आणि मग वाहत्या पाण्यात धुणे. एक बजावून सांगतो. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. ते पाणी विहिरीजवळ, गुरांच्या हौदाजवळ ओतू नका, आणि ही भांडी परत स्वयंपाकात घेऊ नका. लहान मुलांना एकट्याने हे करू देऊ नये.

पहिला चांगला फोटो आला तो आमच्या ओट्याचा. चाळीस सेकंद पट्टी उघडी होती, त्या अवधीत दोन कोंबड्या, शेजारचे पोर आणि दुधाची मोटारसायकल समोरून गेली. फोटोत त्यांतले कोणीही नाही! ओटा, खांब, बाज, उखळ, सगळे रेखीव. जे चालत होते ते उमटलेच नाही. मुलांना याचे फार कौतुक. मग ती मुद्दाम अर्धा वेळ उभी राहून पळायची, म्हणजे फोटोत भुते येत. तुमची मुलेही तेच करतील, करू द्या.

दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली याच्या अगदी उलट केले होते. कुंडीत वाटाणा लावून, कॅमेरा समोर रोवून, रोज थोडे थोडे चित्र घेऊन त्यांनी वेलाची वाढ भरभर पळवून दाखवली. ती पाहून त्यांना पैसे मिळाले आणि पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला. पेरलेले उगवताना दाखवले म्हणून भांडवल मिळाले, ही गोष्ट मला शेतकरी म्हणून फार आवडते.

माय हे सगळे ओट्यावरून पाहत होती. एके दिवशी तिने डबा हातात घेतला, उलटासुलटा केला, झाकण उघडून आत हात घातला.

“हा तर तुपाचा डबा.”

“हो आजी,” धाकटी म्हणाली, “त्यातच फोटो येतो.”

“याला डोळा कुठे आहे?”

धाकटीने छिद्र दाखवले. मायने बोट लावून पाहिले. मग म्हणाली, “हे तर माझ्या सुईने पाडलंय.” आणि सूप घेऊन ती मोहाच्या सावलीत तूर निवडायला बसली. बसताना एवढेच म्हणाली, “मी काही तुमच्याकडे पाहणार नाही.”

तेवढी परवानगी पुष्कळ झाली. थोरल्याने दगडावर डबा ठेवला, पट्टी उचलली. पाच मिनिटे आम्ही कोणी बोललो नाही. पाच मिनिटे किती लांब असतात, हे एखाद्या माणसाकडे नुसते बघत बसल्याशिवाय कळत नाही. मी मायकडे सलग पाच मिनिटे शेवटचे कधी पाहिले होते, आठवेना. तिची मान एका बाजूला किंचित कलते. निवडलेली मूठ टाकताना तिचे ओठ हलतात, ती मोजते की काय कोण जाणे.

रात्री कॉफीच्या पाण्यात ती हळूहळू वर आली. आधी काळे पांढरे आणि पांढरे काळे, आणि डावे उजवीकडे. पदर उजव्या खांद्यावर गेलेला पाहून सौ. म्हणाली, “आपली सासू गुजराती झाली!” आमच्या नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, त्यामुळे हा विनोद आमच्याकडे रोजचाच. मग तो कागद नव्या कागदावर पालथा घालून, वर काच ठेवून, बल्ब दोन-तीन सेकंद लावला. चित्र सुलटे झाले. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी फोनने फोटो काढून त्यातच रंग आणि बाजू उलटवावी, तशी सोय फोनमध्ये असते.

माय बसली आहे. मान कललेली, चेहरा स्वच्छ, कपाळावरचे गोंदण दिसते आहे. पाय दुमडलेले, सूप मांडीवर. हात मात्र नाहीत. हातांच्या जागी धुक्यासारखे काहीतरी आहे, कारण हात पाच मिनिटांत क्षणभर थांबले नव्हते.

सकाळी फोटो तिच्या हातात दिला. तिने डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. दिसेना. आणि इथे गंमत झाली. धाकटीने खेळता खेळता एका काळ्या पुठ्ठ्याला छिद्र पाडून ठेवले होते, तो पुठ्ठा तिने आजीच्या डोळ्यापुढे धरला आणि म्हणाली, “यातून बघ.” मायने पाहिले. बराच वेळ पाहिले.

“कुत्रा कुठे गेला?” तिने विचारले. “माझ्याजवळ बसला होता.”

कुत्रा दोन मिनिटांत उठून गेला होता, म्हणून तो आला नव्हता. पण माझे लक्ष दुसरीकडे गेले. मायला कुत्रा नाही हे दिसले! मग आम्ही तो पुठ्ठा घेऊन ओट्यावर आलो. नुसत्या डोळ्याने तिला समोरच्या गोठ्याच्या दाराची कडी दिसत नव्हती. डाव्या डोळ्यापुढे छिद्र धरल्यावर दिसली. उजव्या डोळ्याला फारसा फरक पडला नाही.

याचे कारण मला पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कळले. डोळ्याला नंबर असला की किरण पडद्यावर नीट एकत्र येत नाहीत, पसरतात. बारीक छिद्रातून मोजकेच किरण आत जातात, त्यामुळे पसारा कमी होऊन चित्र स्पष्ट होते. डॉक्टरही तपासताना छिद्राची तबकडी डोळ्यापुढे धरतात. छिद्रातून चांगले दिसले तर चष्म्याने सुधारणा होण्याचा संभव मोठा. छिद्रातूनही दिसले नाही तर दुसरे काही कारण असू शकते, आणि मग तर तपासणी लांबवूच नये. आमची माय दोन वर्षे म्हणत होती की वय झाले, आता असेच दिसायचे. आम्हीही तेच धरून चाललो होतो. नंदुरबारला नेले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला निघाला, त्याची शस्त्रक्रिया झाली. डाव्याला चष्मा मिळाला. ज्यांच्या घरात म्हातारी माणसे ‘वय झाले’ म्हणून गप्प बसलेली आहेत, त्यांनी पुठ्ठ्याचे छिद्र जरूर धरून पाहावे. ते औषध नाही, आणि डॉक्टरांच्या तपासणीची जागाही ते घेत नाही. पण माणूस उठून दवाखान्यापर्यंत जायला तेवढे पुरते. एक मात्र, पुठ्ठ्याच्या छिद्रातून सूर्याकडे कधीही, चुकूनही पाहू नये. डोळा कायमचा जाईल.

सूर्य पाहायचा तो पाठ करून, भिंतीवर. 25 ऑक्टोबर 2022 रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सूर्याला ग्रहण लागले आणि तो ग्रहणातच मावळला. आमच्या पश्चिमेच्या दाराच्या फळीत एक खिळ्याचे भोक आहे. त्यातून आतल्या भिंतीवर पडलेला कवडसा त्या संध्याकाळी गोल नव्हता. भाकरीचा कडेचा तुकडा मोडावा तसा एका बाजूने तोडलेला होता. माय म्हणाली, ग्रहणात बाहेर पडू नका. आम्ही बाहेर पडलोच नाही, ग्रहणच घरात आले. पुढचे असे ग्रहण 2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर आहे. आपल्याकडे ते खंडग्रास. आषाढाचे ढग बाजूला झाले तर झाडाखाली जमिनीकडे पाहा. पानांच्या फटींतून पडलेला प्रत्येक ठिपका कोरलेला दिसेल.

आठव्या कागदाचे काय झाले, हे विचाराल. तो काढला. चष्मा लागल्यावर मायने भिंतीवरच्या कोटवाल्या फोटोकडे पहिल्यांदाच नीट पाहिले आणि म्हणाली, “चेहरा त्यांचाच आहे की.” मग कोपऱ्यातली काठी घेऊन ती ओट्यावर बाजेवर बसली आणि धाकटीला म्हणाली, “तो आवाज करणारा डबा आण.” थंडीची सकाळ होती, ते बरे. कारण या फिल्मला आपला खानदेशी उन्हाळा सोसत नाही, तिच्या रंगावर पिवळी झाक येते. बाहेर आलेला कागद हलवायचा नसतो, अंधारात ठेवायचा असतो. धाकटीने तो स्वेटरच्या आत धरून ठेवला आणि पंधरा मिनिटे कोणाला हात लावू दिला नाही. माय समोर पाहते आहे, काठी हातात आहे. तो फोटो आणि तुपाच्या डब्यातला, दोन्ही आता भिंतीवर आहेत. बाबांचा कोट खाली उतरवावा असे सौ.चे मत आहे, माय नको म्हणते.

सध्या आमच्याकडे एक निराळा डबा चालू आहे. कोल्ड्रिंकच्या डब्याला तसेच छिद्र पाडून, आत ब्रोमाइड कागद घालून, झाकण पाणी शिरणार नाही असे बंद करून, तो 22 डिसेंबरला बांधावरच्या मोहाच्या खोडाला तारेने आवळला आहे, तोंड दक्षिणेकडे. याला पट्टी नाही आणि औषधही नाही. महिनोन्‌महिने उन्हाने कागदच रंगतो, आणि सूर्य रोज जसा जातो तशी रोजची एक कमान त्यावर उमटते. सूर्य उत्तरेकडे सरकतो तशी कमान रोज थोडी वर. ज्या दिवशी ढग, त्या दिवशी कमान तुटकी किंवा नाहीच. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या वेधशाळेत 2012 मध्ये कोणा विद्यार्थिनीने असा डबा लावला आणि तो विसरला गेला. 2020 मध्ये उतरवला तेव्हा कागदावर 2,953 कमानी होत्या, आठ वर्षांच्या! आम्ही तेवढे थांबणार नाही. 21 जूनला उतरवायचा असे ठरले आहे. अवकाळीने मार्चमध्ये तीन दिवस आभाळ भरले होते, ते कागदावर दिसते का, हे पाहायचे आहे. थोरला म्हणतो दिसेल. माय म्हणते, त्या डब्यात एव्हाना मुंग्यांनी घर केले असेल.

तुमच्याकडे कोणी असा डबा बांधला तर झाकणाला मेण लावायला विसरू नका, आणि माकडांच्या हाती लागणार नाही असा बांधा.